अंगठ्याचं वजन

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. भाजीवाल्यांकडे असतो तसला. बिडाचं जड बूड, वर दोन पारडी आणि मधोमध दोन पितळी चोची. दोन्ही चोची समोरासमोर आल्या की वजन बरोबर. सध्या माझा मुक्काम नाशकातल्या एका कुत्र्यांच्या दवाखान्याच्या मागच्या पडवीत आहे. माझ्या एका पारड्यात मांजर निजतं आणि दुसऱ्यात पालीने अंडी घातली आहेत. न्याय कुठल्या बाजूला झुकतो, हे तुम्ही ओळखलंच असेल.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी खोटारडा आहे. त्यात माझा फारसा दोष नाही. आयुष्याची पहिली अठरा वर्षं मी बाजारात काढली, आणि बाजारात कडता नावाची एक रीत असते. टोमॅटोला चिखल लागलाय, मेथी ओली आहे, असं म्हणून वजनातून थोडं कापून धरायचं, त्याला कडता म्हणतात. माझी गोष्ट ऐकताना तुम्हीही तेवढा कडता कापत चला, म्हणजे हाती खरा माल लागेल. एका जागी मात्र कापायचा नाही. ती जागा आली की मी सांगेन.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. त्या दिवशी ऊन इतकं होतं की भट्टी पेटवावीच लागली नाही. बरं, पेटवली होती, पण नावापुरती. तिथून मी मालगाडीने मनमाडला आलो. तिथे डबा बदलताना एका हमालाने मला स्वतःच्या पायावर पाडून घेतलं आणि जे शब्द उच्चारले, तेच माझं बारसं. पुढे पंचवटीच्या भाजीबाजारात लंकाबाईने मला विकत घेतलं, आणि माझं खरं शिक्षण सुरू झालं.

लंकाबाई म्हणजे शहराबाहेर मळा असलेल्या घरची माळीण. आवाज असा, की तिने "वांगीऽऽ" म्हटलं की गोदावरीच्या पलीकडचे लोक पिशव्या घेऊन निघत. तिच्याकडे मी एकदा साडेतीन किलोचं एकच वांगं तोललं आहे. खोटं वाटतं? बरं, दीड किलोचं. पण तिच्याकडची सगळ्यात वजनदार वस्तू वांगं नव्हती, तिचा उजवा अंगठा होता. पारडं सावरल्यासारखं करायचं आणि अंगठ्याने काठ हलकेच दाबायचा. नऊशे ग्रॅमची गवार डोळ्यांदेखत किलो होई. गिऱ्हाईक नखरेल असलं की अंगठा भाजीच्या पारड्यावर. पण जिच्या कडेवर पोर आहे आणि पायात वहाण नाही, अशी बाई आली की तोच अंगठा गुपचूप वजनांच्या पारड्यावर जाई आणि त्या बाईला सव्वा किलो मिळे. तेव्हा तो अंगठा वाईट होता असं मला म्हणवत नाही. तो लंकाबाईच्या मनासारखा वागे, एवढंच.

"आकडा गिऱ्हाइकासाठी असतो," ती शेजारणीला म्हणे. "त्याच्या जिवाला बरं वाटलं का आकड्याचं काम संपलं."

बाजारात दुसराही एक नियम होता. दुसऱ्याच्या अंगठ्याकडे बघायचं नाही. दिसला तरी दिसला म्हणायचं नाही. सगळे पाळत.

मग लंकाबाईचे गुडघे गेले. दिवसभर मांडी घालून बसणं होईना. तिच्या गिऱ्हाइकांत प्रतिभा नावाची एक तरुण डॉक्टरीण होती. तिने १९९३ साली मखमलाबादच्या वाटेवर दवाखाना काढला, आणि तोही फक्त कुत्र्यांचा. तोवर जनावरांचा दवाखाना म्हणजे गाय, बैल, म्हैस. कुत्रं आजारी पडलं तर ते कुठेतरी कोपरा धरी आणि बरं होई किंवा न होई. लोक हसले. "कुत्र्याला डॉक्टर? उद्या कोंबड्याला न्हावी काढतील," म्हणाले.

डॉक्टरबाईंनी लंकाबाईला विचारलं, "उभ्याने करायचं काम आहे. येता का?"

"काम काय?"

"कुत्री धरायची."

"चावत्यात का?"

"चावतात."

"मग गिऱ्हाइकांपरीस बरी. ती निदान गुरगुरून चावत्यात," लंकाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

तिथे तिने पाहिलं, की डॉक्टरबाई लहान पिल्लू हातात उचलून वजनाचा अंदाज घेतात आणि त्यावर औषध काढतात. लंकाबाईला ते बघवेना. "अंदाजानं आम्ही कढीपत्ता बी देत नाय बाई," म्हणाली, आणि मला डोक्यावर घेऊन आली. डॉक्टरबाई खूश झाल्या. आता नेमकं वजन मिळणार! मित्रांनो, अठरा वर्षं खोटं बोललेल्या काट्याला त्यांनी दवाखान्यातली सगळ्यात खरी वस्तू म्हणून टेबलावर बसवलं. मी ओशाळलो. पण लोखंडाला लाज वाटली तरी लाल व्हायला भट्टी लागते.

त्या टेबलावर मी जे पाहिलं, ते सांगू नये असंच बरंचसं आहे. उंदराचं औषध खाल्लेली कुत्री येत. फवारणीच्या दिवसांत द्राक्षबागांतली राखणीची कुत्री तोंडाला फेस आणि पाय ताठ अशी येत. पिल्लू अडलेली कुत्री तीन-तीन दिवस कळा देऊन येत. दवाखान्यात आणायचं म्हणजे शेवटी आणायचं, अशीच लोकांची समजूत. आधी हळद, मग अंगारा, मग शेजारचा शहाणा माणूस आणि मग आम्ही. आलेल्यांतली निम्मी माझ्या पारड्यात बसायच्या लायकीचीही उरलेली नसत.

तरी हसण्यासारखंही घडे. हरसूलहून एकजण साप चावलेलं कुत्रं पोत्यात घालून एसटीने घेऊन आला. कंडक्टरने विचारलं, "पोत्यात काय?" तो म्हणाला, "नागली." म्हणजे नाचणी. थोड्या वेळाने नागली भुंकली. सगळी एसटी हसली, पण कंडक्टर भला. त्याने त्या दिवशी मधे कुठे थांबाच घेतला नाही म्हणतात. यातला थांब्याचा भाग कडत्यात धरा. कुत्रं वाचलं, हे मात्र खरं. त्याचं नाव पुढे नागलीच पडलं.

डॉक्टरबाईंच्या हाताला यश होतं आणि पायाला उसंत नव्हती. एकट्या असल्यामुळे त्या सतत घाईत. रोज सकाळी विचारत, "लंकाबाई, वजन?" लंकाबाई सांगे, त्या लिहून घेत आणि सलाईनची कळ फिरवत. वजन कशासाठी हवं असतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लंकाबाईनेही विचारलं नाही. तिच्या लेखी आकडा गिऱ्हाइकासाठी होता, आणि डॉक्टरीण म्हणजे दवाखान्यातलं मोठं गिऱ्हाईक.

१९९६चा मे महिना आला, आणि पिल्लांमध्ये रक्ताच्या जुलाबांची साथ पसरली. पार्व्हो म्हणतात त्या रोगाला. पिल्लू ओकतं, हगतं आणि वाळत जातं. अंगातलं पाणी निघून गेलं की संपतं. त्या उन्हाळ्यात आमच्या फरशीवर फिनेल आणि रक्त यांचा मिळून जो वास बसला, तो मला अजून येतो. काट्याला नाक नसतं, हे मला माहीत आहे. तरी येतो.

एका सकाळी केरू आला. साठीचा, वाळका, मखमलाबादला झेंडूचा मळा असलेला माणूस. फुलांच्या पाटीत ओल्या गोणपाटावर अडीच महिन्यांचं पिवळं पिल्लू निपचित पडलेलं.

"नाव काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माझं का त्याचं?"

"त्याचं."

"झेंडू. मालकिणीनं ठेवलेलं. फुलांच्या क्रेटमागं सापडलं तिला."

"लस दिली होती?"

"कुत्रं चावल्यावर देत्यात ती?"

"नाही केरूभाऊ. पिल्लांची वेगळी असते. या रोगाची."

"मला कोणी बोललं नाय ताई," केरू म्हणाला, आणि पाटीच्या कडेला लागलेली एक पाकळी काढत बसला.

डॉक्टरबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं. यावर नेमकं औषध नाही. शिरेतून पाणी द्यायचं आणि रोग उतरायची वाट बघायची. पाच दिवस तग धरला, तर पिल्लू जगलं म्हणायचं. केरूने बोटांवर पाच दिवस मोजले. लंकाबाईने झेंडूला माझ्या पारड्यात ठेवलं. दोन किलो, दीडशे ग्रॅम. अंगठा दूर होता. तेव्हा गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी केरू उजाडताच हजर. झेंडू भरला दोन किलो.

"काल वर दीडशे होतं," केरू लगेच म्हणाला. त्याचं अर्धं आयुष्य काट्यासमोर गेलेलं. आकडा विसरणाऱ्यांपैकी तो नव्हता.

"होईल भरून," लंकाबाई म्हणाली.

"मालकिणीच्या येळेला बी असंच म्हणायचे." तो बाकावर बसला. त्याची बायको धोंडाबाई महिनाभरापूर्वीच गेली होती. अकरा दिवस ती इस्पितळात पडून होती. "रोज इचारायचो, कसं काय? रोज म्हणायचे, सुधारून राह्यलं. बाराव्या दिवशी खाट रिकामी. घरात आता मी अन् हे. ह्याला ती हातानं दूध पाजायची. हे गेलं ना, तर तिच्या हातचं काहीच राह्यलं नाय घरात."

मला त्या क्षणी लंकाबाईचा अंगठा दिसला. तो पदराचं टोक चोळत होता.

तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला फोन वाजला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून. एका मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून आतल्या आत पिळलं होतं. ते हलवण्याजोगं नव्हतं. पोट पिळलेल्या कुत्र्याच्या हाती काही तासच असतात. डॉक्टरबाईंनी अवजारांची पेटी स्कूटरवर पायांशी ठेवली.

"लंकाबाई, झेंडूचं वजन घेऊन ठेवा. तिथून फोन करते. सलाईन चालू राहू दे."

आणि त्या गेल्या.

लंकाबाईने झेंडूला माझ्या पारड्यात ठेवलं. त्याचं डोकं काठावरून खाली लोंबलं, तेव्हा तिने ते उचलून आत घेतलं. दुसऱ्या पारड्यात एक किलो ठेवला, पाचशेचं, दोनशेचं, मग शंभराचं. चोची जुळल्या. एक किलो आठशे. एका दिवसात दोनशे ग्रॅम वाहून गेले होते.

तेवढ्यात दारात केरू. "किती?" त्याने तिथूनच विचारलं.

मित्रांनो, इथून कडता कापायचं बंद करा.

लंकाबाईने मागे न बघता चारही वजनं काढली. त्यांच्या जागी दोन किलोचं ठेवलं आणि वर पन्नासचं. झेंडूचं पारडं वर जाऊ लागलं. तिने डावा हात पिल्लाच्या पाठीवर ठेवला, माया केल्यासारखा, आणि उजवा अंगठा काठावर. पारडं खाली आलं. चोची समोरासमोर.

"बघ केरूदादा," ती म्हणाली. "दोन किलो पन्नास. कालच्याहून वर."

केरू जवळ आला. त्याने वजनं पाहिली. चोची पाहिल्या. मग तो फार वेळ झेंडूच्या कानाकडे बघत राहिला.

"वाढलं म्हणायचं," तो म्हणाला.

"वाढलं की!"

मला ओरडायचं होतं. मला फक्त चोची आहेत, आणि त्यांना खालीवर होण्यापलीकडे काही बोलता येत नाही.

अकराला फोन आला. डॉक्टरबाईंचा आवाज पलीकडून इतका मोठा होता की मलाही ऐकू आला. पोट उघडलं आहे, पीळ सुटला आहे, टाके घालायचे आहेत, हात पुसून बोलत आहे. "झेंडू कसा आहे? उलट्या?"

"कमी झाल्या बाई. सकाळधरनं एक." ते खरं होतं. ओकायला आत काही उरलंच नव्हतं.

"वजन?"

लंकाबाईने बाकाकडे पाहिलं. केरू ताठ बसून ऐकत होता. आता वेगळा आकडा कसा सांगायचा? ती म्हणाली, "दोन किलो पन्नास."

"वाढलं? छान! म्हणजे पाणी टिकतंय अंगात. मग सलाईन बंद करा, जास्त झालं तर एवढ्याशा छातीत पाणी भरेल. मी आल्यावर बघते."

आणि आता जे झालं, ते मी आजवर रोज आठवत आलोय. लंकाबाई घाबरली नाही. ती हरखली! आपल्या माणसांत सलाईन काढली म्हणजे पेशंट सुधारला. तिने स्वतः सोडलेलं खोटं डॉक्टरणीच्या तोंडून परत आलं, आणि येताना खरं होऊन आलं. तिने कळ बंद केली, सुई काढली.

"केरूदादा, सलाईन काढायला सांगितली!"

"काढायला सांगितली?" केरू उठला. त्याचे डोळे भरले. "बाईंनी सोता सांगितलं?"

"सोता. छान म्हणाल्या."

दोघांनी चहा मागवला. केरूने बशीतला थोडा बोटाने झेंडूच्या ओठांना लावायला पाहिला, तेव्हा लंकाबाई रागावली. "अरं, लगेच चहा? मळ्यात नेऊन भाकर बी चारशील." दोघं हसली. बारा वाजता झेंडूने एकदा शेपूट हलवलं. एक वाजता त्याची हिरडी पांढरी पडली. दोघांनी ती बघितली नाही, कारण बरं होणाऱ्या पिल्लाची हिरडी कोण बघतं? तीनच्या जरा अगोदर त्याने मान ताणली, आणि संपलं.

डॉक्टरबाई चारला आल्या. अंगावर रक्ताचे डाग, चेहऱ्यावर आनंद. एकलहऱ्याचं कुत्रं वाचलं होतं. दारातच त्यांना बाकावरची दोघं दिसली, आणि दोघांच्या मधे पाटी. त्या खाली बसल्या. झेंडूच्या मानेवरची कातडी त्यांनी चिमटीत उचलून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, धुऊन वाळत घातलेल्या कापडाची घडी राहते तशी.

"हे पिल्लू कोरडं पडलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "वजन किती होतं म्हणालात?"

लंकाबाईने उजवा अंगठा मुठीत झाकला.

"लंकाबाई, वजन?"

"अंगठा लावला मी," लंकाबाई म्हणाली.

"कसला अंगठा?"

इतकी वर्षं तिच्याकडून भाजी घेतलेल्या डॉक्टरबाईंना खरंच माहीत नव्हतं. लंकाबाई उठली. माझ्याजवळ आली. माझ्या रिकाम्या पारड्याच्या काठावर तिने अंगठा ठेवला आणि दाबला. माझ्या चोची फाकल्या. तिने अंगठा उचलला, त्या जुळल्या. पुन्हा दाबला. डॉक्टरबाई बघत राहिल्या.

"एक आठशे भरलं होतं," लंकाबाई म्हणाली. "केरूदादाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून... मला काय ठावं बाई, त्या आकड्यावर तुम्ही पाणी देता?"

डॉक्टरबाई भिंतीला टेकल्या. "मी सांगितलं नव्हतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत एकदाही नाही." मग केरूकडे वळून म्हणाल्या, "केरूभाऊ, ते जगलं असतंच असं मी सांगू शकत नाही. पण झुंजायला त्याला पाणी हवं होतं, आणि ते मी बंद केलं. न बघता, फोनवर."

केरूने पाटीतलं गोणपाट सारखं केलं. "तुम्हा दोघींचं कशाला ताई," तो म्हणाला. "अंगठा मी पाह्यला होता."

लंकाबाईने मान वर केली. "पाह्यला होता? मग बोलला का नाय?"

"चाळीस वर्षं फुलं विकली लंके. दुसऱ्याच्या अंगठ्याकडं बघायचं नाय, एवढं कळतं मला." तो पाटीची कड चाचपत राहिला. "अन् मला बी पाहिजे होतं ना ते. वाढलेलं. मालकिणीच्या येळेला त्या लोकांचा अंगठा दिसला नाय, म्हणून चिडून राह्यलो होतो मी. तुझा दिसला, तर गोड वाटला."

मग केरूने झेंडूला दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या पारड्यात ठेवलं.

"आता खरं तोल," तो म्हणाला. "हात मागं घेऊन."

लंकाबाईने प्रत्येक वजन लांबून, बोटाच्या टोकांनी ठेवलं. एक किलोचं. पाचशेचं. शंभराचं. पन्नासचं. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं. माझ्या चोची थरथरल्या. मी जन्मात एवढा जपून उभा राहिलो नव्हतो. त्या स्थिर झाल्या.

केरूने आकडा मोठ्याने वाचला. डॉक्टरबाईंनी माझ्या मागच्या भिंतीवर तो पेन्सिलीने लिहिला. मग केरूने पाटी उचलली आणि तो झेंडूच्या मळ्याकडे चालू लागला. चहाची बशी बाकावर तशीच होती.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात एक पद्धत पडली. वजन करणाऱ्याने हात मागे बांधायचे आणि आकडा दुसऱ्याने वाचायचा. नवीन माणूस कामाला आला, की लंकाबाई आधी त्याला माझ्यासमोर उभं करी आणि हे वजन कशासाठी असतं ते सांगे. डॉक्टरबाईंनी तिला समजावलं, तिने सगळ्यांना. पिल्लांचे मालक आशेने विचारत, "मावशी, वाढलं ना?" ती म्हणे, "घटलं. शंभर." कोणी रडे, कोणी तिला कडू तोंडाची म्हणे. एका साहेबाने तर तिला कामावरून काढायला सांगितलं. तिने हात मागेच ठेवले. त्या उन्हाळ्यात आणखी अठरा पिल्लं आली आणि सात जगली. जी गेली, ती माझ्या खोट्याने गेली नाहीत.

केरूने पुन्हा कुत्रं पाळलं नाही. पण दर खंडेनवमीला, घरोघर अवजारांची पूजा होते त्या दिवशी, तो झेंडूचा एक हार घेऊन येई. तो माझ्या मानेभोवती घाली आणि विचारी, "लंके, हात मागं हायेत ना?"

"हायेत, दादा."

एवढंच बोलणं. मग दोघं बाकावर बसून चहा घेत, आणि निघताना तो भिंतीवरचा पेन्सिलीचा आकडा बोटाने न पुसता नुसता दाखवून जाई.

२००५ साली विजेवरचा काटा आला. लाल आकडे दाखवणारा, बोट लावलं तरी चुळबुळणारा. मला उचलून इथे पडवीत ठेवलं. त्याच सुमाराला दवाखान्याला रंग दिला आणि भिंतीवरचा आकडा पांढऱ्याखाली गेला. लंकाबाई आता येत नाही, तिच्या गुडघ्यांनी तिला घरीच बसवलं. केरू त्या वर्षी हार घेऊन आला, तेव्हा त्याला नवीन काटा दाखवला. त्याने हार त्याला घातला, रीत म्हणून. मग तो एकटाच मागे आला. मांजराला हाकललं नाही. दुसऱ्या पारड्यात, पालीच्या अंड्यांशेजारी, त्याने एक फूल ठेवलं. फुलाचं वजन सांगण्याइतका मी आता शाबूत नाही. सांधे गंजलेत. तरी मी जरासा हललो असेन, कारण तो हसला. पुढच्या वर्षी तो आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू आलं तर त्याला लस द्या. केरूला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला मी सांगितलं. आणि ते आजारी पडलं, तर त्याला घेऊन लवकर या, हळद-अंगाऱ्याच्या आधी. डॉक्टरने विचारलं, तर किती वेळा ओकलं, काय खाल्लं, कधीपासून पडून आहे, ते जसं आहे तसं सांगा. कमी नको, जास्त नको, कोणाला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. मायेचा अंगठासुद्धा पारड्यावर अंगठ्याएवढाच पडतो. आणि मला विसरलात तरी चालेल. मांजर आहे सोबतीला.

मी तुम्हाला साडेतीन किलोचं वांगं सांगितलं, न पेटलेली भट्टी सांगितली. त्यातून हवा तेवढा कडता कापा. पण रंगाखाली गेलेला तो आकडा आता फक्त माझ्यापाशी आहे. तो सांगताना मी हात मागे घेतलेत असं समजा. झेंडू, केरूच्या घरचा, मे १९९६, दुपारी साडेचार. एक किलो सहाशे पन्नास ग्रॅम. बरोबर.